पीयूसी नापास, गणपतीला १२ दिवस

*सोमवार*

सी-२०३ बाई (संध्या. ६:४०)
चिपळूणात चांगला गाडीवाला कोणी ओळखीचा आहे का? आज पीयूसीला गेले होते, गाडी नापास झाली. २०१८ ची पेट्रोल, ५४ हजार किलोमीटर. आयडलिंगला (गाडी नुसती उभी चालू असताना) सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ०.५८ टक्के, एचसी, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, २६० पीपीएम. रेस करून सीओ ०.४१ आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) १.०६. महिनाभर इंजिनाचा पिवळा दिवाही लागतोय. एका गॅरेजात स्कॅनर लावला तर पी ०४२० कोड आला. तो म्हणाला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, ४२ हजार होतील. जुनी पीयूसी शनिवारी संपते आणि रविवारी मला कराडला जायचंय.

ए-२०४ वहिनी (६:४८)
बाई कन्व्हर्टर म्हणजे तो बॅटरीवाला का? आमचा पण गेलाय पावसात.

सी-२०३ बाई (६:४९)
तो इन्व्हर्टर हो वहिनी. हा सायलेन्सरच्या पाइपात असतो.

डी-३०१ (मुंबईकर) (७:०५)
बाई कशाला त्रास घेता. आमच्याकडे ५०० दिले की गाडी न नेता कागद मिळतो. नाहीतर त्या डब्याच्या पोटातलं काढून टाका, गाडी पळेल पण मस्त.

बी-१०२ विमाकाका (७:१२)
असले सल्ले ग्रुपवर नकोत. पीयूसी आता ऑनलाइन वाहन नोंदणीला जोडलेली असते. मोटार वाहन कायद्यातल्या प्रदूषणाच्या कलमात, १९०(२), दहा हजारांपर्यंत दंड आहे, लायसन्स तीन महिने जातं ते वेगळं. विम्याला पीयूसी हवीच असा आदेश सुप्रीम कोर्टाने २०१७ ला दिला होता, ती अट २०२४ मध्ये काढली. पण म्हणून पीयूसी माफ झाली असं कोणी समजू नये. मला रोज कोणीतरी विचारतो.

सेक्रेटरी (७:१५)
उद्या सकाळी ११ ते २ टाकी साफ होणार आहे. पाणी भरून ठेवावे.

बी-४०१ लोटेवाले (८:३०)
बाई, आत्ता कंपनीतून आलो. ४२ हजार काढायच्या आधी वायच थांबा. तुमच्या आकड्यांत एक गंमत आहे.
गाडी बीएस-४ (धुराच्या सरकारी नियमांचा चौथा टप्पा) ना? मग मर्यादा आयडलिंगला सीओ ०.३ आणि एचसी २००. रेसवर, म्हणजे साधारण २५०० आरपीएमला, सीओ ०.२ आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३. तुमचे चारही बाहेर.
आता बघा. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी पडतेय. लॅम्डा १.०६ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. एकाच नळीत दोन्ही? भाजी खारट पण झाली आणि अळणी पण, असं कोणी म्हणालं तर आपण काय म्हणू? वाढताना कोणीतरी वरून पाणी ओतलंय. तसं बाहेरची हवा मधेच कुठून तरी पाइपात शिरत असणार.

सी-२०३ बाई (८:३४)
म्हणजे कन्व्हर्टर ठीक आहे?

बी-४०१ लोटेवाले (८:४१)
तसं नाही म्हणत. पी ०४२० एवढंच सांगतो की कन्व्हर्टरचं काम पुरेसं होत नाहीये. का होत नाहीये ते तो सांगत नाही. कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर एक. पुढचा सारखा वरखाली उड्या मारतो, साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट. मागचा शांत बसायला हवा. मागचाही पुढच्याची नक्कल करायला लागला की कॉम्प्युटर म्हणतो, मधला कामचुकार. पण पुढच्या सेन्सरच्या आधी पाइपाला फट असेल तर बाहेरची हवा त्यात मिसळते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, आणि सीओ वाढतो. फट पाइपाची, बिल कन्व्हर्टरचं.

ए-१०१ अप्पा (९:०२)
बाई तुम्ही साडेसहाला गाडी चालू करता तेव्हा मी तुळशीला पाणी घालीत असतो. महिना झाला, पहिली दोन मिनिटं फट् फट् येतो आणि मग बंद. मला वाटलं मोटरसायकल आहे कोणाची तरी. ती तुमची गाडी.

सी-२०३ बाई (९:०४)
अप्पा तुम्ही सांगायचं की हो!

ए-१०१ अप्पा (९:०६)
मला काय माहीत तुम्ही पावत्या घेऊन फिरताय. ३१ वर्षं एसटीच्या डेपोत काढली, फुटका सायलेन्सर ऐकला की झोप मोडते. थंड असताना वाजतो आणि गरम झाल्यावर बंद होतो तो जॉइंट. लोखंड तापून फुगतं, फट मिटते. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर येतो त्या नळ्यांच्या, खालची फ्लँज बघा, बोल्टांनी आवळलेला जोड असतो तो. पॅकिंग गेलेलं असणार किंवा बोल्ट.

ए-१०१ अप्पा (९:०७)
गुहागरला वाळूत गाडी नेली होती ना गेल्या मे मध्ये?

सी-२०३ बाई (९:१०)
भाच्यांनी नेली होती. पाण्याला लावली पण होती. 😞

ए-१०१ अप्पा (९:११)
झालं मग. वरून धुतलीत ती चकचकीत. खालून कोणी धुतली का.

---

*मंगळवार*

सेक्रेटरी (९:००)
टाकी साफ करणारे उद्या येतील. पाणी भरून ठेवलेले असेल तर तसेच ठेवावे.

बी-४०१ लोटेवाले (१:२०, जेवायची सुट्टी)
कन्व्हर्टर म्हणजे काय ते वहिनींसाठी. आमच्या प्लांटमध्ये असतो तसाच एक छोटा रिॲक्टर. आत सिरॅमिकची वीट, मधाच्या पोळ्यासारखी बारीक आरपार भोकं. त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा अगदी पातळ थर. कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड होतं, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं सुटून परत नायट्रोजन. थर स्वतः झिजत नाही, म्हणून तर तो कॅटॅलिस्ट. तो मरतो तीन प्रकारे.
एक, विष. इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधलं फॉस्फरस त्यावर बसतं. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं बसायचं. देशभर बिनशिशाचं पेट्रोल फेब्रुवारी २००० मध्ये झालं, त्याआधी ही गाडी आपल्याकडे चाललीच नसती.
दोन, ताप. एक प्लग मिस मारत असेल, म्हणजे ठिणगी चुकवत असेल, तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरात जाऊन तिथे पेटतं. आतलं तापमान हजार अंशांच्या खूप वर गेलं की वीट वितळून गोळा होतो, मग धूर जायला वाट नाही. घाटात गाडी दम टाकते ती त्यामुळे.
तीन, फटका. स्पीडब्रेकरला आदळली, किंवा लालबुंद तापलेली असताना पाण्यात गेली की वीट तडकते. मग आत तुकडे खडखडतात.
आता सांगा. ऑइल कमी होतं का? मिस मारते का? खडखड येतो का? २०२१ च्या पुरात पाण्यात होती का?

सी-२०३ बाई (४:३५)
ऑइल कमी होत नाही. खडखड नाही. २२ जुलैला रात्री पार्किंगमध्येच होती, चाकं पूर्ण बुडली. पण बंद आणि गार होती. नंतर कंपनीच्या सर्व्हिसला दिली होती. मिस म्हणजे नक्की काय होतं?

ए-१०१ अप्पा (४:५०)
सिग्नलला उभी असताना ढुस्स ढुस्स हलते का.

सी-२०३ बाई (४:५२)
चिपळूणात सिग्नल कुठे अप्पा. पण हो, शाळेच्या गेटवर उभी असताना स्टिअरिंग थरथरतं.

ए-१०१ अप्पा (४:५३)
प्लग कधी बदलले

सी-२०३ बाई (४:५४)
बदलायचे असतात?

बी-४०१ लोटेवाले (५:१०)
😀 एचसी २६० चं उत्तर मिळालं, जुने प्लग. आणि फटीचं उत्तर: घर ते शाळा दोन किलोमीटर, आठ वर्षं तेच. सायलेन्सर कधी धड तापलाच नाही, आतलं पाणी आतच राहिलं, बाहेरून खाडीची हवा. बाहेरून गंज, आतून गंज.

डी-३०१ (मुंबईकर) (५:३०)
ती बाटली मिळते ना टाकीत ओतायची, कन्व्हर्टर क्लीनर. १२०० ला. ती टाका.

बी-४०१ लोटेवाले (५:३६)
थोडी काजळी असेल तर होईल काही. गंजलेला बोल्ट बाटलीने भरून येत नाही, वितळलेली वीटही नाही. आणि कालचं ते पोटातलं काढायचं बोललात ना, ते काढलं तरी मागचा सेन्सर ओरडणारच, सीओ आजच्यापेक्षा वाढणार. ह्या गाडीत तर ते अजिबात नको.

सी-२०३ बाई (५:४०)
कोड पुसून टाकला तर पीयूसी होईल का? गॅरेजवाला म्हणत होता.

बी-४०१ लोटेवाले (५:४२)
पीयूसीत कोड बघतच नाहीत. नळी मागे घालून धुरातला वायू मोजतात. दिवा विझवून आकडा बदलत नाही.

ए-१०१ अप्पा (६:००)
उद्या सात वाजता गाडी थंड ठेवा. मी खाली येतो. साबणाचं पाणी आणि जुना टॉवेल आणा. गाडी पार्किंगच्या बाहेर, उघड्यावर काढा. खांबांच्या आत चालू ठेवून वाकायचं नाही, तो सीओ वायू वास न देता माणूस आडवा करतो.

---

*बुधवार*

सी-२०३ बाई (८:१५)
अप्पांचा पराक्रम: मी मागची नळी ओल्या टॉवेलने अर्धी दाबली, अप्पा पुढे चटईवर पडून जॉइंटवर साबण मारत होते. फ्लँजमधून बुडबुडेच बुडबुडे! एक बोल्ट जागेवर नाहीच, दुसऱ्याला अप्पांनी पाना लावला तर डोकं हातात आलं.

ए-२०४ वहिनी (८:२०)
गॅलरीतून बघत होते. मला वाटलं अप्पा पडले, मी ओरडले तर कोणी बघेना.

ए-१०१ अप्पा (८:३१)
नाक्याच्या पुढे माझा जुना पोरगा आहे, डेपोत हाताखाली होता. त्याच्याकडे पाठवलीय. पॅकिंग नवीन, स्टड नवीन, प्लग चार. बोल्ट स्टेनलेस लाव म्हटलंय, कोकणात साधा बोल्ट म्हणजे दोन पावसाळे.

सेक्रेटरी (१०:४५)
टाकीवाले आले आहेत. पाणी बंद.

सी-२०३ बाई (७:५०)
झालं. सगळं मिळून २,९४० रुपये. स्टिअरिंगची थरथर गेली. दिवा पुसलाय, अजून तरी लागला नाही. उद्या शाळा सुटली की पीयूसीला जाते.

बी-४०१ लोटेवाले (८:०५)
शाळेतून थेट जाऊ नका. कन्व्हर्टर २५०-३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. दोन किलोमीटरमध्ये तो जेमतेम जागा होतो. बहादूरशेख नाक्यावरून परशुराम घाट चढून लोट्यापर्यंत जाऊन या, मग नळी लावा. आणि रांगेत टेम्पोच्या मागे अर्धा तास उभं राहू नका, पावसात परत गार होतो.

बी-१०२ विमाकाका (८:१४)
ही लबाडी नाही का? परीक्षेच्या आधी गाईड वाचल्यासारखं.

बी-४०१ लोटेवाले (८:२०)
काका, चाचणी गरम इंजिनावरच घ्यायची असते. गार गाडीवर घेतली तर शोरूममधली नवी पण कदाचित नापास होईल. शाळेच्या खेळात पण आधी हातपाय मोकळे करतात की.

---

*गुरुवार*

सी-२०३ बाई (६:२५)
पास!!! 🙏 आयडलिंगला सीओ ०.२२, एचसी ८८. रेसवर सीओ ०.१६, लॅम्डा १.०१. वर्षभराचा कागद मिळाला. अप्पांना आणि लोटेवाले भाऊंना उकडीचे मोदक, गणपतीच्या आधीच.

बी-४०१ लोटेवाले (७:००)
अभिनंदन. पण रेसवरचा सीओ ०.१६ मला आवडला नाही. लॅम्डा बरोबर आला म्हणजे फट गेली, एचसी उतरला म्हणजे प्लगचं काम झालं. मिश्रण बरोबर असताना धडधाकट कन्व्हर्टर शून्याच्या आसपास जातो. महिनोन् महिने जास्तीचं पेट्रोल खाल्लंय त्याने, थोडा मार बसलाच असणार. कंपनीतून तापमान मोजायची बंदूक आणतो, कन्व्हर्टरच्या पुढे-मागे मोजू. कोविडमध्ये कपाळाला लावायचो ती नाही, ती चाळिशीच्या थोडी पुढे जाते आणि संपते.

सी-२०३ बाई (७:०४)
म्हणजे ४२ हजार आहेतच?

बी-४०१ लोटेवाले (७:०९)
आज नाहीत. परवा नवा बसवला असता तर गळक्या पाइपाने आणि मिस मारणाऱ्या प्लगने तोही मारला असता, दीड-दोन वर्षांत पुन्हा तिथेच. आता बदलायची वेळ आली तरी नवा टिकेल.

---

*सोमवार*

सी-२०३ बाई (९:१०)
कराडहून काल रात्री परत आले. जाताना पोफळीपर्यंत छान. कुंभार्लीच्या वरच्या वळणांना दुसऱ्या गिअरमध्ये ओढतच नव्हती, आणि माथ्यावर पिवळा दिवा परत लागला. येताना काही नाही.

ए-१०१ अप्पा (९:२२)
कुजक्या अंड्याचा वास आला का

सी-२०३ बाई (९:२३)
हो! मला वाटलं कोयनेचं काहीतरी.

बी-४०१ लोटेवाले (९:४०)
मग वीट थोडी बंद झालीय, चढावर धूर अडतोय. पीयूसी वर्षभराची आहे, पण घाटात नेऊ नका. सध्या गावातल्या गावात चालवा, आणि गणपती झाले की बदलूनच टाका. दोन ठिकाणी भाव घ्या, कंपनीचा आणि चांगल्या मेकचा बाहेरचा. बीएस-४ चाच आहे ना ते पावतीवर लिहून घ्या, नाहीतर स्वस्तातला लावतात आणि वर्षात पुन्हा पी ०४२०. आणि जुना गॅरेजात सोडून येऊ नका. प्लॅटिनम-पॅलॅडियम आहे त्यात, भंगारवाले वजनावर नाही, नगावर घेतात. बिलातून वळता करून घ्या.

डी-३०१ (मुंबईकर) (९:४४)
मी घेतो बाई, काय म्हणाल ते.

ए-१०१ अप्पा (९:४५)
तू आधी मेंटेनन्स भर.

सेक्रेटरी (९:४६)
अप्पांशी सहमत. डी-३०१ चे सहा महिने बाकी आहेत.