विषय-ओळीत देवनागरी: थेट पाठवायची की पाकिटात घालून?

खानापूर_रोड (धागा सुरू)
फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगल ग्रुप्सनं युजनेटचं, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांचं, दार लावलं, तेव्हापासून मी वेगळा न्यूजरीडर (हे संदेश वाचायचा-पाठवायचा प्रोग्राम) वापरतोय. परवा 'बेळगाव खानापूर रस्त्यावरचे जुने फलक' असा विषय देऊन संदेश टाकला. निपाणीच्या मित्राकडे उघडला तर वर बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, 'यूटीएफ-८', 'बी' आणि पुढं रोमन अक्षरांचा चिवडा. १९९६ च्या आरएफसी २०४७ ची ही कृपा: इंटरनेटच्या या नियमपत्रानुसार शीर्षओळीतली रोमनेतर अक्षरं रोमन खुणांच्या अशा पाकिटात घालून पाठवतात, आणि वाचणाऱ्याचा न्यूजरीडर ते उघडतो. माझं मत सरळ आहे: शीर्षओळी (विषय, नाव वगैरे) थेट यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरांचे बाइट ठरवणाऱ्या पद्धतीत), जाऊ द्याव्यात. आपली लिपी फक्त रोमन अक्षरं असलेल्या सात बिटांच्या आस्कीत कोंबायचे दिवस गेले.

शहापूरचा_माग
गेले कुणाचे? थेट बाइट सोडले तर ते कुठल्या एन्कोडिंगचे हे ओळीत कुठंच लिहिलेलं नसतं. जर्मन लोक लॅटिन-१ आणि पोलिश लोक लॅटिन-२ ही आपापली एन्कोडिंगं असंच सोडायचे. वाचणाऱ्याचा न्यूजरीडर अंदाज बांधायचा आणि तोंडावर पडायचा. पाकिटावर निदान आत काय आहे ते लिहिलेलं असतं.

तिसरे_गेट
कशाला भांडूलास गा! विषय रोमनमध्ये लिहा, मजकूर मराठीत. सगळीकडे दिसतंय.

शहापूरचा_माग
रोमनमध्ये 'ळ' आणि 'ल' एकच होतात. बेळगावात राहून 'ळ' सोडायचा? दुकानाच्या पाटीवरून इथं किती वाद होतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

खानापूर_रोड
रोमन नकोच. पण पाकिटाचा खर्च बघा. 'बेळगाव' थेट लिहिलं तर १८ बाइट. बेस-६४ केलं (ती 'बी' पद्धत, दर तीन बाइटांची चार रोमन अक्षरं) की २४, पाकीट धरून ३६. क्यू पद्धतीनं (दर बाइटाला तीन अक्षरं) तर ६६! एका पाकिटाला ७५ अक्षरांची मर्यादा, म्हणजे देवनागरीची जेमतेम १५ चिन्हं, आणि काना-मात्राही त्यातच मोजायच्या. 'बेळगाव महानगरपालिका' एवढ्यालाच दोन पाकिटं.

शिवाय २००६ चा आरएफसी ३९७७, म्हणजे युजनेटचे संदेश वाहून नेणारा खुद्द एनएनटीपी, शीर्षओळी यूटीएफ-८ मध्ये असाव्यात असंच म्हणतो.

शहापूरचा_माग
तो वाहतुकीचा नियम. लेखाचा नमुना ठरवतो २००९ चा आरएफसी ५५३६, आणि तिथं आस्कीबाहेरचं काही असेल तर पाकीटच. पोस्टमननं पत्र पोचवलं म्हणून पत्ता बरोबर लिहिला होता असं होत नाही.

निपाणी_नाका
ज्याच्याकडे चिवडा दिसला तो मित्र मीच. मूळ मजकूर काढून बघितला. अरे, विषय नीट दिसत होता! चिवडा झाला होता तुझ्या नावाचा. तुझ्या न्यूजरीडरनं नावाचं पाकीट दुहेरी अवतरणचिन्हांत टाकलंय, आणि २०४७ प्रमाणे अवतरणातलं पाकीट उघडायचंच नसतं. माझ्या न्यूजरीडरनं नियम पाळला.

तिसरे_गेट
म्हंजे एवढा वेळ चुकीच्या ओळीवर भांडण!

खानापूर_रोड
नावाचं मान्य, अवतरणं काढतो. पण पाकिटावरचा माझा राग तेवढ्यानं जात नाही. मला विषयात 'बेळगाव' शोधायचं असतं, आणि माझा फिल्टर पाकीट न उघडताच कच्ची ओळ तपासतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असल्यानं सुरुवातीचा 'बेळगाव' बेस-६४ मध्ये ओळखू येतो, दर चार अक्षरांच्या गटाच्या सुरुवातीला '४' आणि 'के'. पण 'चलो बेळगाव' लिहिलं की मधल्या एका मोकळ्या जागेनं (ती एकाच बाइटाची) सगळं एक बाइट सरकतं आणि तोच शब्द पार वेगळा दिसतो. शोधायचं कसं?

शहापूरचा_माग
फिल्टरला पाकीट उघडायला शिकवायचं. आळस फिल्टरचा आणि शिक्षा नियमाला?

निपाणी_नाका
आणखी एक बघितलं. तुझ्या विषयाची तीन पाकिटं झालीत, आणि तिसऱ्याची सुरुवातच एकार मात्रेनं. 'ज' मागच्या पाकिटात, मात्रा पुढच्यात. चिन्ह तुटलं नाही म्हणून नियमात बसतं, आणि जोडून वाचणाऱ्याकडे 'जुने' नीट येतं. पाकिटं सुटी दाखवणारा एखादा जुना न्यूजरीडर असेल तर मात्र मात्रा लोंबकळणार.

खानापूर_रोड
एकार मात्रा तर 'ने' मधली ना? मग 'न' मागं राहिला असणार, 'ज' नव्हे.

निपाणी_नाका
हो, 'न'च. चष्मा घरी राहिलाय. आज रात्री अवतरणं काढून पुन्हा टाक, बघून सांगतो.