मदत हवी आहे : सोनेरी कॉकर स्पॅनियल खरोखर जास्त चावरे असतात का?

गौरी_नाशिक :
नमस्कार. आम्हाला सोनेरी रंगाचा कॉकर स्पॅनियल जातीचा कुत्रा मिळतो आहे आणि हो की नाही, हे रविवारपर्यंत कळवायचे आहे. माझ्या मोठ्या दिरांकडे पूर्वी काळा-पांढरा कॉकर होता. त्यांचे ठाम म्हणणे असे, की कॉकरमध्ये सोनेरी सर्वांत चावरा, एकरंगी काळा त्याच्या खालोखाल आणि दुरंगी तेवढा शांत, आणि हे शास्त्रज्ञांनीही दाखवून दिलेले आहे. त्यावरून घरात दोन तट पडले आहेत. रंगाचा आणि स्वभावाचा संबंध असतो का, एवढेच मला कळायला हवे आहे. कुत्रा पाळावा की नाही ही चर्चा कृपया नको, तो निर्णय झालेला आहे. लवकर उत्तर मिळाल्यास बरे होईल.

श्वानप्रेमी_पुणे :
गौरीताई, निःशंक मनाने आणा. आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून कॉकर आहेत आणि त्यांतले बहुतेक सोनेरीच होते. एकानेही घरातल्या कोणाला दात लावला नाही. धाकटी बहीण तर एकीचे कान धरूनच उभी राहायला शिकली. कुत्रा बिघडतो तो मालकामुळे. घरात मालक कोण, हे पहिल्या दिवसापासून त्याला ठणकावून कळले पाहिजे, मग रंग कोणताही असो.

पशुवैद्य_सातारा :
उत्तर देण्याआधी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. कुत्रा इंग्लिश कॉकर आहे की अमेरिकन? पिल्लू आहे की वाढलेला? नर की मादी? घरात लहान मुले आहेत का? आणि तो ‘मिळतो आहे’ म्हणजे ब्रीडरकडून, की कोणाच्या घरातून? या माहितीशिवाय दिलेले उत्तर तुमच्या उपयोगाचे ठरणार नाही.

अनिकेत_इंग्लंड :
तुमच्या दिरांचे म्हणणे हवेतले नाही. केंब्रिज विद्यापीठातील पॉडबरसेक आणि सर्पेल या संशोधकांनी १९९६ मध्ये इंग्लिश कॉकरच्या आक्रमकतेवरचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हजाराहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून त्यांनी प्रश्नावली भरून घेतली होती, आणि अनोळखी माणूस दारात येणे, खाणे काढून घेणे, मालकाने दुसऱ्याकडे लक्ष देणे अशा वेगवेगळ्या प्रसंगी कुत्रा कसा वागतो, ते विचारले होते. बहुतेक सर्व प्रसंगांत एकरंगी कुत्रे दुरंगी कुत्र्यांपेक्षा अधिक आक्रमक आढळले. एकरंगींमध्ये सोनेरी काळ्यांपेक्षा अधिक, आणि नर माद्यांपेक्षा अधिक. म्हणजे दिरांनी सांगितलेला क्रम या अभ्यासाशी जुळतो.

मात्र हे अनेक कुत्र्यांचे सरासरी चित्र आहे. सोनेरी कॉकरांमध्येही अत्यंत गोड स्वभावाचे कुत्रे भरपूर असतात.

श्वानप्रेमी_पुणे :
प्रश्नावली भरणारे मालकच, म्हणजे साक्षीदारही तेच आणि न्यायाधीशही तेच. ‘सोनेरी तापट असतो’ असे आधीच कानावर पडलेले असले, की माणसाला साधी गुरगुरही हल्ला वाटते. अशा अभ्यासावर विसंबून एका संपूर्ण रंगाला बदनाम करणे अन्यायाचे आहे.

अनिकेत_इंग्लंड :
आक्षेप योग्य आहे, म्हणूनच दुसरा अभ्यास सांगतो. स्पेनमधील कोर्दोबा येथील संशोधकांनी २००६ मध्ये सात आठवड्यांच्या ५१ इंग्लिश कॉकर पिल्लांची प्रत्यक्ष चाचणी घेतल्याचे प्रसिद्ध केले. पिल्लाला हलकेच उताणे धरणे, जमिनीवरून उचलणे, असे साधे प्रकार त्या चाचणीत असतात. तिथेही सोनेरी, मग काळे, मग दुरंगी, हाच क्रम आला. या वयात मालकाने बिघडवण्याचा प्रश्न येत नाही. त्याच अभ्यासात या वर्तनाची आनुवंशिकता (म्हणजे पिल्लांच्या वागण्यातल्या फरकाचा किती भाग वारशाने येतो, ते ० ते १ या मापावर) पित्याकडून काढली तर ०.२० आणि मातेकडून काढली तर ०.४६ आली. आईचा वाटा मोठा दिसतो, त्यात तिच्या जनुकांबरोबर तिच्या सहवासाचाही भाग असू शकतो. पिल्लू घेताना लोक बापाची पदके विचारतात. माझ्या मते आधी आईला भेटावे.

देशी_श्वान_मित्र :
इतका विचार करण्यापेक्षा एखादे देशी पिल्लू दत्तक घ्यावे. आपल्या हवेत ते निरोगी राहते, अंगावर फार केस नसतात आणि रस्त्यावरच्या एका जिवाला घर मिळते. कॉकर हा थंड प्रदेशातला शिकारी कुत्रा आहे.

गौरी_नाशिक :
देशी कुत्र्यांविषयी मला आदर आहे, परंतु माझा प्रश्न तो नाही. अनिकेत, मनापासून आभार. पण मग रंगामुळेच स्वभाव बदलतो, असे समजायचे का? हो किंवा नाही सांगावे.

मेधा_बेळगाव :
याला जोडून एक मुद्दा. १९५९ मध्ये सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे बेल्यायेव या शास्त्रज्ञांनी रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. ते दर पिढीत फक्त सर्वांत माणसाळलेले कोल्हे निवडत गेले आणि काही पिढ्यांनंतर त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागले. निवड स्वभावाची केली आणि बदल रंगातही दिसला, तेव्हा दोन्हींचा काहीच संबंध नाही असे म्हणता येणार नाही.

पशुवैद्य_सातारा :
मेधाताईंचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे, पण ते कॉकरला थेट लागू करणे घाईचे होईल. सोनेरी रंग एमसी१आर नावाच्या जनुकाच्या एका अप्रभावी रूपामुळे येतो आणि ते रूप आई व वडील अशा दोघांकडून मिळावे लागते. त्यामुळे दोन काळ्या कॉकरांच्या एकाच वेतात काळी आणि सोनेरी पिल्ले शेजारी शेजारी जन्मू शकतात. दुरंगीपणा मात्र निराळ्याच जनुकामुळे येतो. केसांतले रंगद्रव्य आणि मेंदूत संदेश पोचवणारे डोपामीन हे रसायन ही दोन्ही टायरोसीन या एकाच अमिनो आम्लापासून बनतात, म्हणून त्यांचा संबंध असावा, असा तर्क केला जातो. परंतु त्वचेत हे काम एक विकर (एन्झाइम) करते आणि मेंदूत दुसरे, त्यामुळे केस सोनेरी म्हणून मेंदू तापट, असा सरळ धागा जोडता येत नाही.

मला अधिक पटणारे कारण वंशावळीचे आहे. एकरंगी आणि दुरंगी कॉकर ब्रीडरांनी दीर्घकाळ बहुतांशी वेगळे ठेवून वाढवले, कारण एकरंगी कुत्र्याच्या अंगावर भलत्या जागी पांढरा डाग आला, तर प्रदर्शनात तो मागे पडतो. दोन कळप असे वेगळे झाले, की एका कळपात लोकप्रिय ठरलेल्या मोजक्या नरांचा स्वभाव रंगाबरोबरच पुढे जातो. तेव्हा गौरीताई, तुमच्या ‘हो किंवा नाही’ला माझे उत्तर असे : फरक दिसलेला आहे, पण रंग ही बहुधा घराण्याची खूण आहे, स्वभावाचे कारण नव्हे. आणि माझे पाचही प्रश्न अजून अनुत्तरित आहेत.

स्मिता_ठाणे :
कॉकर घेणारच असाल, तर एक सांगते. कानांच्या आतल्या बाजूचे केस कातरून घ्यावेत आणि पावसाळ्यात कान एक दिवसाआड उघडून पाहावेत. कान लांब, आतून केसाळ आणि हवा न लागणारे असल्यामुळे त्यांत ओल साठते, तपकिरी मळ येतो आणि आंबूस वास सुटतो. पाणी पिण्यासाठी अरुंद तोंडाचे खोल भांडे ठेवावे, म्हणजे कान पाण्यात बुडत नाहीत.

गौरी_नाशिक :
कान कातरण्याबद्दल मी विचारलेले नव्हते, तरी आभार. पशुवैद्य सर, तुमच्या प्रश्नांची उत्तरे देते. कुत्रा इंग्लिश कॉकर आहे, नर आहे, अडीच वर्षांचा आहे. एक ओळखीचे कुटुंब परदेशी जात असल्यामुळे तो आम्हाला देत आहे. माझी मुलगी सात वर्षांची आहे. तो जेवत असताना जवळ गेलेले त्याला चालत नाही, गुरगुरतो. कान विंचरतानाही गुरगुरतो, आणि महिन्याभरापूर्वी त्यांच्या मुलाच्या हातावर त्याने झडप घातली होती. दात टेकले, पण कातडी फाटली नाही. दिरांना हे कळल्यावरच रंगाचा विषय निघाला.

पशुवैद्य_सातारा :
हीच माहिती पहिल्या दिवशी हवी होती. आता रंग बाजूला ठेवून या एका कुत्र्याकडे पाहू या.

वाढलेल्या कुत्र्याचे वागणे समोर दिसत असताना त्याच्या रंगावरून अंदाज बांधण्याचे कारण उरत नाही. कान विंचरताना गुरगुरणारा कॉकर दिसला, की माझा हात आधी त्याच्या कानाकडे जातो. कॉकरमध्ये कानाचा दाह फार आढळतो आणि दुखरा कान धरला, की शांत कुत्राही झडप घालतो. म्हणून निर्णयापूर्वी कानांची तपासणी करून घ्या. पडद्यापर्यंत आत पाहायला सांगा. मुलावर झडप घातली त्या वेळी मुलाचा हात नेमका कुठे होता, हेही विचारा. त्याचबरोबर रेबीजच्या लसीची नोंद पाहा.

खाण्यावरून गुरगुरणे हा वेगळा भाग आहे. त्याला एकट्याला, बंद खोलीत जेवू द्यावे आणि मुलीने त्या वेळी आत जाऊ नये, हा नियम कायमचा करावा. मोठ्या माणसाने दुरूनच त्याच्या भांड्याकडे काहीतरी अधिक चविष्ट टाकत जावे, म्हणजे माणूस आला की खाणे वाढते, कमी होत नाही, हे त्याला उमगते.

श्वानप्रेमी_पुणे :
मी सहमत नाही. गुरगुरल्यावर खाऊ दिला, तर ते गुरगुरण्याचे बक्षीसच झाले. आमच्या वडिलांनी अशा कुत्र्याचे ताट काढून घेतले असते आणि तो ताळ्यावर आला असता. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. कुत्राही घरातल्या शिस्तीचाच गुण घेतो.

पशुवैद्य_सातारा :
घराचा परिणाम होतो, हे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली सूचना आहे. ती मारून किंवा ताट ओढून बंद केली, तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. ताट ओढून घेण्याच्या घरगुती उपायानंतर कुत्रा चावला, म्हणून माझ्याकडे आलेली माणसे मी पाहिलेली आहेत, आणि सात वर्षांच्या मुलीच्या घरात हा प्रयोग मी कोणालाही करू देणार नाही. खाऊ टाकायचा तो कुत्रा गुरगुरण्यापूर्वी, इतक्या अंतरावरून की त्याला गुरगुरावेसे वाटूच नये. त्यामुळे बक्षिसाची शंकाही उरत नाही.

अनिकेत_इंग्लंड :
पशुवैद्य सरांना अनुमोदन. इथे अशा कुत्र्यांबाबत ‘रेज सिंड्रोम’ हे नाव लोक पटकन घेतात. कोणतेही कारण नसताना अचानक येणारा तो झटका अतिशय दुर्मीळ असतो. गौरीताईंच्या या कुत्र्याच्या बाबतीत तर दोन्ही कारणे स्पष्ट दिसत आहेत, एक ताट आणि दुसरे कान.

गौरी_नाशिक :
आज त्या कुटुंबासोबत जाऊन कान तपासून आणले. दोन्ही कान आतून लाल आणि सुजलेले आहेत, डाव्या कानात बुरशीचा संसर्ग आहे. थेंब सुरू केले असून दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचे आहे. मुलाने त्या दिवशी त्याला डोक्याशी मिठी मारली होती, असे त्याच्या आईने सांगितले. आम्ही रविवारची मुदत पुढे ढकलून घेतली आहे. कान बरे झाल्यावर त्याला आधी मुलीशिवाय दोन-तीनदा भेटू, मग तिला घेऊन जाऊ, आणि त्यानंतरच उत्तर देऊ. दिरांचे मात्र अजूनही म्हणणे आहे, की कान बरे झाले तरी सोनेरी तो सोनेरीच.

पशुवैद्य_सातारा :
दिरांची काळजी रास्त आहे. तिला नीट उत्तर देता येईल. त्या कुटुंबाकडे केनेल क्लबचे कागद असतील, तर त्यावरून ब्रीडर सापडेल. याची आई अजून असेल, तर ती परक्या माणसांशी आणि ताटाजवळ कशी वागते, तसेच याच्या वेतातली इतर पिल्ले आज कशी आहेत, हे विचारून घ्या. काळी भावंडे असतील, तर त्यांचीही चौकशी करा.

गौरी_नाशिक :
कागद आहेत. ब्रीडर कोल्हापूरचे आहेत, उद्या सकाळी फोन करते.