उंदराच्या शेपटीवरून मलम किती कळतं?
एका चर्चेत एकांनी एका तेलाबद्दल ‘उंदरांचा सोरायसिस बरा झाला’ असं लिहिलंय, म्हणून थोडी भर. उंदरांना सोरायसिस, म्हणजे त्वचेवर लाल, पापुद्रे सुटणारे चट्टे आणणारा आजार, मुळात होतच नाही. नाशिकला फार्मसी शिकवताना पाहतो, सोरायसिसवरचं औषध तपासायला विद्यार्थी बहुधा उंदराच्या शेपटीची चाचणी निवडतात. शेपटीच्या खवल्यांत त्वचेचा दाणेदार थर (पेशी पक्व होतानाचा वरचा एक थर) नसतो. सोरायसिसच्या चट्ट्यातही तो नाहीसा झालेला असतो. औषध लावल्यावर तो थर तयार होतो का, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पेशी नीट पक्व होतात का, एवढंच त्यातून कळतं. प्रतिकारशक्तीचा बिघाड, जो या आजाराचं मूळ आहे, तिथे नसतोच. त्यासाठी २००९पासून प्रतिकारशक्तीला चेतवणारं इमिक्विमॉड मलम लावून उंदराच्या पाठीवर लाली आणि पापुद्रे आणतात. पण ते थांबवलं की त्वचा आपोआप सुधारते! शिवाय उंदराची त्वचा पातळ, औषध सहज मुरतं. मुरण्याच्या अभ्यासाला डुकराच्या कानाची त्वचा माणसाच्या जास्त जवळची.

इथल्या थंडीत चट्टे वाढले की लोक डॉक्टरांचं मलम सोडून अशी तेलं लावतात, ते बघवत नाही. तेल विकणाऱ्याला विचारा: माणसांवर चाचणी झाली का, आणि तुलनेला सोरायसिसवरचं कॅल्सिपोट्रिऑलसारखं प्रस्थापित औषध होतं का?