टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर मागे का वळायचं नाही?

चिंतातुर_मामा:
भाची बारामतीला सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) करतेय, सेसना १५२ या छोट्या विमानावर. परवा फोनवर सहज बोलून गेली की उडाल्यावर ५०० फुटांच्या आत इंजिन बंद पडलं तर परत फिरायचं नाही, समोर जे दिसेल तिथे उतरायचं. अहो मागे एवढा लांबलचक रनवे असताना उसात कशाला घुसायचं?? ताईला अजून बोललो नाहीये.

उडाणटप्पू:
बरोबर सांगतेय ती. चढताना नाक वर असतं, इंजिन गेलं की स्पीड धडाधड पडतो, म्हणून आधी नाक खाली आणि १५२ ला ६० नॉटचा स्पीड धरायचा. काय झालं हे कळेपर्यंतच तीन-चार सेकंद गेलेली असतात. आणि वळण नुसतं १८० अंशांचं नसतं हो, तेवढं वळलात तर रनवेला समांतर पण बाजूला येता, मग अजून वळा, परत उलटं वळून सरळ करा. घाईत ४५ अंश कलवलं की स्टॉल स्पीड (ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरत नाहीत तो वेग) जवळपास २० टक्के वाढतो, त्यात घाबरून कंट्रोल मागे ओढला की विमान गिरकी घेतं, आणि तेवढ्या उंचीवर सावरायला जागाच नसते. त्यापेक्षा ऊस परवडला.

रिकामा_हँगर:
हॉलिवूडवाल्या हॅरिसन फोर्डचं आठवा. मार्च २०१५, कॅलिफोर्नियातलं सँटा मोनिका, १९४२ चं रायन विमान. इंजिन गेलं, टॉवरला म्हणाला परत येतो, पण पोचणार नाही दिसल्यावर गोल्फ कोर्सवर उतरवलं, तेही झाडाचा शेंडा घासून. हाडं मोडली पण वाचला. कारण काय निघालं तर कार्बोरेटरमधला जेट (इंधन मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग) आटे सुटून ढिला झालेला!

चिंतातुर_मामा:
म्हणजे उडायच्या आधी कोणी बघत नाही का काही?

उडाणटप्पू:
जेट नाही दिसत मामा, तो मेकॅनिकचा प्रांत. आम्ही रोज टाकीखालून पारदर्शक कपात पेट्रोल काढून बघायचो. अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळसर असतं, पाणी असलं तर तळाशी बुडबुडा वेगळा दिसतो. एकदा पावसाळ्यात शेंगदाण्याएवढा निघाला, चार कप ओतून दिले तेव्हा कुठे साफ आलं. शिवाय इंजिन गेलं तर काय करायचं ते दर टेकऑफआधी मोठ्याने म्हणायचं असतं. तिला म्हणायला लावा, पाठ असणार.

चिंतातुर_मामा:
लावलं. रामरक्षेसारखं घडाघडा म्हणाली. फक्त फोन स्पीकरवर होता आणि ताई चहा घेऊन मागेच उभी होती. आता तिला काय सांगू ते सुचवा.