जपानी कचरा वर्गीकरण: शिस्त की नुसतं सोवळंओवळं?

तिरका कोन

जपानचं कौतुक निघालं की गाडी कचऱ्यावर येतेच. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, दुधाचा खोका धुऊन, कापून, वाळवून. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याला सुतळी उभी-आडवी. तोकुशिमा प्रांतातल्या कामीकात्सु या दीडेक हजार वस्तीच्या गावात तर चाळीसहून जास्त प्रकार करतात.

सगळं खरं. पण देशभरातल्या नागरी कचऱ्यापैकी पुनर्वापराला जातो तो जेमतेम २० टक्के. पाऊण हिश्शापेक्षा जास्त भट्टीत जातो. आणि भट्टीत काय, तर ओला कचरा! भाजीची देठं, माशाचे काटे, चहाचा चोथा. आपल्याकडे खतासाठी वेगळं ठेवा म्हणून जे कानीकपाळी ओरडून सांगतात, तेच तिथे जाळतात. त्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी. म्हणून पालिका विनवत असतात, की टाकण्याआधी एकदा पिळा. सिंकच्या कोपऱ्यात जाळीचं तिकोनी भांडं असतं ते त्यासाठीच. तोक्योच्या २३ वॉर्डांत तर २००८ पासून वेगळं न घेतलेलं प्लास्टिकही 'जळणाऱ्या' पिशवीतच.

शेवटी जाळायचंच असेल, तर एवढं सोवळं कशाला? माझ्या मते निम्मी शिस्त, निम्मं कर्मकांड. मतं येऊ द्या.

काटेकोर

जागेचा हिशोब तुम्ही सोडूनच दिलात. जाळल्यावर राखेचं आकारमान विसाव्या भागावर येतं, आणि ती राख पुरायलाही तोक्योकडे खाडीतली एकच भराव-जागा उरली आहे. १९७१ मध्ये तोक्योचे गव्हर्नर मिनोबे यांनी 'कचरा युद्ध' जाहीर केलं होतं. साऱ्या शहराची घाण कोतो वॉर्डात येऊन पडायची आणि सुगिनामी वॉर्डवाले आपल्याकडे भट्टी होऊ देत नव्हते. कोतोवाल्यांनी सुगिनामीच्या गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे ज्याचा कचरा त्याच्या दारात हे तत्त्व गळी उतरलं. आज तोक्योतल्या इकेबुकुरोसारख्या गजबजाटात २१० मीटरची चिमणी उभी आहे आणि शेजारी लोक नांदतात.

नांदतात कारण भट्टीत काय जातं यावर लक्ष असतं. डायऑक्सिन हा विषारी पदार्थ तयार होऊ नये म्हणून ८०० अंशांच्या वर जाळायचं आणि धूर झपाट्याने २०० च्या खाली आणायचा. त्यात काच, धातू, बॅटरी आली की घोळ. २०१० मध्ये तोक्योच्या आदाची वॉर्डातल्या भट्टीत पारा गेला आणि ती बंद ठेवावी लागली. तेव्हा वर्गीकरण पुनर्वापरासाठी तर असतंच, पण भट्टी नीट चालावी म्हणूनही असतं.

लिमलेट गोळी

पेट (PET) बाटलीला, म्हणजे पेयांच्या नेहमीच्या प्लास्टिक बाटलीला, कर्मकांड म्हणत असाल तर साफ असहमत. झाकण काढा, लेबल सोला, आतून विसळा, चेपा. प्रत्येक पायरीला कारण आहे.

झाकण लावलेली बाटली चेपत नाही, आत हवा राहते. गठ्ठे बांधताना फट्कन फुटते. झाकण पॉलिप्रॉपिलिनचं असतं, पाण्यावर तरंगतं, पेट १.३८ घनतेचं, बुडतं. म्हणजे चुकून झाकण गेलंच तर कारखान्यात वेगळं करता येतं. खरी डोकेदुखी लेबलची. आवळून बसवलेली लेबलं बहुतेक पॉलिस्टायरिनची, घनता १.०५ च्या आसपास. तीही पेटबरोबर बुडतात. मग हवेचा झोत मारून उडवावी लागतात, आणि राहिली तर पुनर्वापराचे पेटचे कण पिवळे पडतात. म्हणून लेबलवर टिंबांची रेघ छापतात, नखाने एका फटक्यात निघावं म्हणून. गळ्यातलं कडं मात्र राहू द्या, ते काढायची सक्ती नसते.

तेलाची बाटली यात टाकू नका, तेलकटपणा विसळून जात नाही. सोया सॉसची चालते. तळाशी त्रिकोणात १ आहे का ते बघायचं.

आणि मुख्य मुद्दा: २००१ मध्ये जपानी उद्योगाने स्वतःहून पेयांच्या रंगीत पेट बाटल्या बंद केल्या. सगळ्या पारदर्शक. बाटलीची परत बाटली होते ती त्यामुळे. पेटचा पुनर्वापर ८० टक्क्यांच्या वर आहे तो असा.

तिरका कोन

लिमलेट, पेट मान्य, पूर्ण मान्य. पण ते सगळ्यात सोपं उदाहरण आहे. बाकीच्या प्लास्टिकचं सांगा की! त्याचा मोठा भाग जाळून वीज काढतात आणि तीही पुनर्वापराच्या खात्यात धरतात. बिस्किटाचं वेष्टन धुऊन टाकायचं, त्यासाठी गरम पाणी खर्चायचं, आणि पुढे भट्टी.

ओसाकाची सून

वेष्टन घासून धुवायला कुणीच सांगत नाही हो. पाण्याखाली धरून जेवढं जातं तेवढं जाऊ द्यायचं. दह्याच्या डब्यासारखं निघणारं असेल तर प्लास्टिकमध्ये, मेयोनेझच्या ट्यूबसारखं चिकट असेल तर सरळ जळणाऱ्यात. बहुतेक पालिकांच्या पत्रकात हे लिहिलेलं असतं, नवे लोक वाचत नाहीत आणि मग छळ झाल्याची तक्रार करतात. (पत्रक गाव बदललं की बदलतं, हा मात्र खरा छळ.)

शेगडी

तळणाच्या तेलाचं काय करतात? सिंकमध्ये ओतत नसतील ना?

ओसाकाची सून

अजिबात नाही. दुकानात तेल गोठवायची पूड मिळते. गॅस बंद करून तेल ८० अंशांच्या वर असतानाच घालायची, साधारण ६०० मिली तेलाला एक पुडी, आणि ढवळायचं. तासाभरात वडीसारखं घट्ट होतं, कडेने सोडवून जळणाऱ्या कचऱ्यात. थंड तेलात टाकली तर पूड विरघळत नाही, तळाशी बसते आणि तेल तसंच राहतं. पुडी न आणणारे तेल जुन्या कागदात शोषवून टाकतात.

शेगडी

आभार. आता माझे दोन पैसे. या सगळ्याला शिस्त म्हणा की संस्कार, त्यामागे पैसा आणि शेजारी आहेत. क्योतोत २००६ पासून जळणारा कचरा पालिकेच्या पिवळ्या पिशवीतच टाकायचा. ४५ लिटरची पिशवी ४५ येनला. कचरा कमी केला तर पैसे वाचतात, एवढं साधं. तोक्योत ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू टाकायची तर आधी नोंदणी, मग कोम्बिनीतून (कोपऱ्यावरच्या छोट्या सुपरमार्केटातून) २०० किंवा ३०० येनचं तिकीट घेऊन वस्तूवर डकवायचं. फ्रिज, टीव्ही, एसी, वॉशिंग मशीन यांचा २००१ पासून कायदाच वेगळा, फेकणाऱ्याने पैसे मोजायचे.

शेजारी म्हणजे मोहल्ला मंडळ. कावळ्यांसाठीची जाळी पसरणं, गोळा करणं, जागा झाडणं, पाळीपाळीने. पिशवी पारदर्शक, चुकली तर स्टिकर लावून तिथेच सोडून देतात आणि अख्खी गल्ली बघते. फुकुशिमा शहर तर २०२५ पासून चुकीच्या पिशव्या उघडून मालक शोधतं. सत्तरीतल्या म्हाताऱ्याने सकाळी ८ च्या आत तीन पिशव्या खाली न्यायच्या, हे कौतुकाने सांगायचं काम नाही.

निवांतराव

इथे कौतुकही टोकाचं आणि टीकाही. पुण्यात 'स्वच्छ' सहकारी संस्थेचे कचरावेचक २००८ पासून दारोदार जातात. बाटली, पुठ्ठा, पत्रा हातांनी निवडतात, कारण त्यावर त्यांची चूल पेटते. जपानमध्ये ते काम प्रत्येक घर फुकट करतं. फरक शिस्तीत कमी, निवडणाऱ्याची मजुरी कोण देतं यात जास्त. जपानी घराला वेळ द्यावा लागतो, आपल्याकडे वेचकाला पाठ द्यावी लागते. कुठलं बरं ते ठरवा.

काटेकोर

निवांतराव, मुद्दा बरोबर, पण घराने निवडल्याचा परिणाम योकोहामात मोजला गेलाय. २००३ मध्ये शहराने २०१० पर्यंत कचरा ३० टक्के कमी करायचं ठरवलं, प्रकार वाढवले, आणि लोकसंख्या वाढत असूनही २००५ मध्येच गाठलं. दोन भट्ट्या बंद झाल्या. कर्मकांडाने भट्ट्या बंद होत नसतात.

तिरका कोन

योकोहामा घेतला, खिशात ठेवला. पण कामीकात्सु बघा. ओला कचरा घरीच कुजवतात, बाकी स्वतः गाडीत घालून केंद्रावर नेतात, कारण तिथे कचरागाडीच येत नाही. सुमारे ८० टक्के पुनर्वापर. २००३ मध्ये शून्य कचऱ्याची घोषणा झाली, मुदत २०२० ची होती. उरलेले २० टक्के कसले? डायपर, चामड्याचे बूट, रबर, असल्या वस्तू. चाळीसहून जास्त प्रकार केले तरी न सुटणाऱ्या. तिथे गृहिणीने आणखी एक बादली वाढवून काय साधणार?

लिमलेट गोळी

बादली नका वाढवू, पण डायपर बनवणाऱ्याला विचारायला हवं, एवढं दिलं. बाटलीवाल्यांनी २००१ मध्ये रंग सोडला तसा.

शेगडी

आणि कुणी नवा माणूस हा धागा वाचत असेल तर: मोबाईलची, व्हेपची, हातपंख्याची लिथियम बॅटरी कुठल्याच साध्या पिशवीत टाकू नका. दाबणाऱ्या गाडीत चेपली की पेट घेते. टोकांना चिकटपट्टी लावा आणि दुकानातल्या बॅटरीच्या डब्यात टाका. फुगलेली असेल तर डबेवालेही सहसा घेत नाहीत, आधी पालिकेला फोन करा.