साखरपाणी आणि ग्लुकोज सारखंच? नेहमी नाही
डायबिटीस असलेल्याची रक्तातली शुगर एकदम उतरली तर घरात जे गोड असेल ते द्या, साखर काय नि ग्लुकोज काय, असं बरेचदा सांगितलं जातं. एरवी मान्य. पण इन्सुलिनच्या जोडीला अकार्बोज किंवा वोग्लिबोज ही डायबिटीसची औषधं चालू असतील तर हे चालत नाही. साखरेच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना चिकटलेले असतात. आतड्यात ती जोडी फोडणाऱ्या एन्झाइमलाच ही औषधं अडवतात. साखरपाणी पोटात जातं खरं, पण रक्तात उतरायला वेळ लावतं. तिथे ग्लुकोजच हवं: साधारण १५ ग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅमवाल्या चार गोळ्या, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. (शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका.)

गोळ्यांवरून आठवलं. बाबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, तेव्हा भावाने घाईत स्वीटनरच्या (गोडी असते, साखर नसते अशा) दोन गोळ्या पाण्यात विरघळवून दिल्या. पाणी गोडमिट्ट, उपयोग शून्य! स्वीटनरची गोळी टिकलीएवढी असते, ग्लुकोजची चांगली कोटाच्या बटणाएवढी, चावून खायची. पण त्या गडबडीत डबीवरच्या ‘शुगर फ्री’मधलं ‘शुगर’ एवढंच दिसतं.