रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना) शिबिरात सिकलसेल तपासणीला तरुण मुलंमुलीच येत नाहीत, काय करू?

प्रश्न: दुसरं वर्ष, बी.एस्सी. (गडचिरोली जिल्हा)

नमस्कार. जानेवारीत आमचं सात दिवसांचं विशेष शिबिर दत्तक गावात आहे. तरुणांच्या आरोग्याचं सत्र सरांनी माझ्याकडे दिलंय, विषय सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार.

गेल्या वर्षी आम्ही प्रभातफेरी काढली, पथनाट्य केलं, घोषणांनी गाव दणाणून सोडलं. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओसरीवर तपासणी होती, निकालाचं कार्ड मिळणार होतं. लहान पोरांना घेऊन आया आल्या, म्हातारी माणसं आली. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, ते 18 ते 25 वयाचे कुणी फिरकलेच नाहीत. संध्याकाळी हापशीवर एका मुलीला मी विचारलं, माझ्याच वयाची होती. हंडा भरेपर्यंत ती गप्प राहिली. मग डोक्यावर चुंबळ ठेवता ठेवता म्हणाली, "तुम्ही सात दिवसांनी जाल. कार्ड माझ्याजवळ राहील. मग मला मागणी घालायला कोण येईल?"

मला काही बोलता आलं नाही. माझ्या वहीत रासेयोचे 120 तास भरतील, पण यंदा तिच्यासमोर पुन्हा जायचंय. तिला काय सांगू?

उत्तर 1: माजी स्वयंसेवक, नागपूर

ताई, विनवण्या करत बसलात तर हे होणार नाही. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची आहे आणि 2047 पर्यंत आजार हटवायचं उद्दिष्ट आहे. ग्रामसभेत ठराव घ्या: लग्न ठरवताना दोन्हीकडची कार्डं दाखवल्याशिवाय सुपारी फोडायची नाही. माझ्या मामेभावाचं बाळ सिकलसेलचं आहे. थंडी पडली की हातपाय धरून रात्रभर रडतं. ते बघितल्यावर मला लाजण्याबिजण्याची कारणं पटत नाहीत.

उत्तर 2: पिवळं कार्ड

दादा, तुमचं दुखणं समजतं, पण सक्तीचा ठराव झाला तर गावात कुणी बोटही टोचू देणार नाही.

माझं कार्ड पिवळं आहे, म्हणजे मी वाहक: मला आजार नाही, पण तो माझ्याकडून बाळाकडे जाऊ शकतो. अकरावीत असताना तपासणी झाली. कॉलेजचं नाव सांगत नाही. कार्डं वर्गात नावं पुकारून वाटली. आधी पांढऱ्यांचा, म्हणजे ज्यांच्यात काही निघालं नाही त्यांचा गठ्ठा, मग तीन पिवळी. माझं नाव आलं तेव्हा मागच्या बाकापर्यंत सगळे माझ्याकडे वळून बघत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारचा मुलगा डबा घेऊन दुसरीकडे बसला. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आईबापांकडूनच येतो, एवढं एक वाक्य कार्डं वाटण्याआधी कुणी सांगायला हवं होतं. त्याच रागापोटी मी पुढच्या वर्षी रासेयोत नाव घातलं.

ताई, आता तुमच्या हापशीवरच्या मुलीबद्दल. तिची भीती खरी आहे, ती खोडून काढू नका. पण ती भीती एकट्या मुलींच्या वाट्याला का येते, ते बघा. गावात समज असा की दोष मुलीतून येतो. म्हणून मी सुरुवात पोरांपासून करतो, व्हॉलीबॉलच्या मैदानावर, खेळ संपल्यावर. दोन वाट्या आणि बरबटीचे दाणे नेतो. प्रत्येक वाटीत एक लाल (सिकलसेलचा), एक पांढरा (चांगला). एक वाटी आईची, एक बापाची, दोघेही वाहक. डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा उचलायचा, बघायचा, परत ठेवायचा. दोन्ही लाल आले, चारातून एकदा येऊ शकतात, तर बाळ आजारी. एक लाल, एक पांढरा आला तर बाळ आपल्यासारखंच वाहक.

एकदा एका पोराला लागोपाठ दोनदा लाल-लाल आले. तो म्हणाला, "चारातून एक म्हणालास ना?" मग सांगितलं, चारातून एक ही शक्यता दर बाळंतपणाला नव्याने असते. पहिलं आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही. हे त्यांना भाषणातून कधीच कळलं नसतं. मग एका वाटीत दोन्ही पांढरे ठेवतो आणि कितीही वेळा उचलायला लावतो. लाल-लाल येतच नाही. म्हणजे एका बाजूचं पिवळं कार्ड लग्नाच्या आड येत नाही, हे पोरं स्वतःच्या बोटांनी बघतात.

आणखी एक मी हटकून सांगतो. हा लाल दाणा आपल्याकडे इतका टिकला, कारण वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. आपल्या जंगलपट्टीत हे ऐकलं की मान खाली घातलेली पोरं वर बघतात.

उत्तर 3: प्रयोगशाळा तंत्रज्ञ

तपासणीच्या टेबलाबद्दल थोडं. सोल्युबिलिटी चाचणीत, म्हणजे रक्ताचा थेंब द्रावणात टाकून करायच्या पहिल्या तपासणीत, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. पण वाहक की आजारी, हे ती नळी सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली पुढची तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, लागते. म्हणून टेबलावर कुणालाही काही बोलू नका. नळ्यांचा स्टँड रांगेतल्या लोकांना दिसतो, मध्ये चादर बांधा. नंतर निकाल एकेकाला आत बोलावून समुपदेशकाने द्यावा. 18 च्या आतल्यांसाठी पालकांची संमती घ्या.

आणि आजारी निघाला तर त्याला वाऱ्यावर सोडू नका. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध कुठे मिळतं, पाणी भरपूर का प्यायचं, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल दिव्यांगत्वात धरलंय, हे आशाताईंसोबत बसून सांगा. शिबिर उठल्यावर गावात त्याच असणार आहेत.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. चादरीचं आम्हाला सुचलंच नव्हतं. गेल्या वर्षी तर नळ्यांभोवती पोरांचा गराडा होता आणि आम्ही त्याचे फोटो काढत होतो.

पिवळं कार्ड दादा, तुमचं उत्तर सरांना वाचून दाखवलं. गावात जायच्या आधी आम्हा स्वयंसेवकांनीच तपासून घ्यायचं, असं ठरलंय. खरं सांगते, दोन वर्षं मी घोषणा देतेय, पण स्वतःची तपासणी कधी केलेली नाही. सोमवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणार आहे. निकाल इथे लिहिणार नाही. त्या मुलीने विचारला, तर तिला मात्र हापशीवर सांगेन.